थांबवण्याची दोरी

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील किनाऱ्यालगत फ्रीमाँट नावाचे शहर आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या अनेक जैन कुटुंबांना ते परिचित आहे, कारण उत्तर कॅलिफोर्नियातील जैन मंदिर शेजारच्याच मिलपिटास गावी आहे. फ्रीमाँटहून मिलपिटासकडे महामार्गाने जाताना कडेला एक अवाढव्य कारखाना दिसतो. आज तेथे विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होतात. तथापि या एकाच वास्तूत गेल्या साठ वर्षांत तीन निरनिराळ्या कारभारांनी आपले नशीब अजमावले. एकाचा कारखाना बंद पडला, दुसऱ्याने त्याच कामगारांच्या बळावर नाव कमावले आणि तिसरा अत्याधुनिक यंत्रांच्या गर्दीत अडकून, चूक कबूल करून, मोठ्या कष्टाने बाहेर पडला.

नव्या यंत्रात, नव्या संगणकप्रणालीत किंवा यंत्रमानवात भांडवल घालू पाहणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने या वास्तूचा इतिहास एकदा तरी वाचावा. पैसा, यंत्र आणि माणूस यांचा हिशेब कोठे जुळतो आणि कोठे फिसकटतो, हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

पहिला कारभार : पट्टा थांबता कामा नये

हा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने उभारला. जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी असा तिचा तेव्हा लौकिक होता. कारखान्याचा एकच अलिखित नियम होता : मोटारी पुढे सरकवणारा पट्टा कोणत्याही परिस्थितीत थांबता कामा नये. व्यवस्थापकाची बढती आणि बक्षिसी किती मोटारी बाहेर पडल्या यावर ठरत असे. त्या कशा बाहेर पडल्या यावर नव्हे. एखादा बोल्ट नीट बसला नाही, भलताच भाग जोडला गेला, तरी मोटार पुढे जाई. दोष शेवटी अंगणात उभ्या केलेल्या मोटारींतून शोधून काढावा, अशी रीत होती. स्वाभाविकच एकदा होऊ शकणाऱ्या कामाचा खर्च दोनदा होई.

आपल्या डोळ्यांदेखत चुकीचे काम पुढे जात आहे आणि ते थांबवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे ज्याला रोज अनुभवावे लागते त्याचे मन कामात राहत नाही. फ्रीमाँटमध्ये तेच झाले. कोणत्याही दिवशी सुमारे २० टक्के कामगार गैरहजर असत. कामाच्या वेळी मद्यपान चाले. संघटनेने दाखल केलेल्या तक्रारींचे ढीग साचले होते. कामगार व्यवस्थापनाला शत्रू मानत आणि व्यवस्थापन कामगारांना आळशी. १९८२ मध्ये कंपनीने कारखान्याला टाळे लावले आणि हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. कंपनीच्या वरिष्ठ वर्तुळात निदान पक्के झाले होते : रोग कामगारांत आहे, औषध यंत्रांत आहे.

दुसरा कारभार : तेच कामगार, तीच वास्तू

त्याच सुमारास जपानच्या टोयोटा कंपनीला अमेरिकेत मोटारी तयार करून पाहावयाच्या होत्या, परंतु अनोळखी भूमीवर एकट्याने उतरण्याचे धाडस नव्हते. जनरल मोटर्सला लहान मोटारी फायद्यात कशा बनवाव्यात हे समजत नव्हते. दोघांनी भागीदारी केली. जनरल मोटर्सने बंद पडलेला फ्रीमाँटचा कारखाना दिला, टोयोटाने १० कोटी डॉलर घातले आणि रोजचा कारभार आपल्याकडे घेतला. १९८४ च्या डिसेंबरात पहिली मोटार बाहेर पडली. ‘न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग’ या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप ‘नुम्मी’ हेच पुढे जगभर रूढ झाले.

विशेष म्हणजे कामावर घेतलेले बहुतांश लोक, सुमारे ८५ टक्के, हे त्याच बंद पडलेल्या कारखान्यातील जुने कामगार होते. संघटना तीच होती आणि तिचे अनेक पुढारीही तेच होते. यंत्रसामग्री त्या काळाच्या मानाने मुळीच चमत्कारिक नव्हती. जनरल मोटर्सच्या इतर नव्या कारखान्यांत याहून कितीतरी अधिक यंत्रमानव होते.

मग बदलले काय? टोयोटाने गटप्रमुखांच्या तुकड्या काही आठवड्यांसाठी जपानला पाठवल्या. तेथे त्यांनी जे पाहिले त्यात एक साधी दोरी होती. पट्ट्याच्या बाजूने, प्रत्येकाच्या हाताला येईल अशी ती टांगलेली असे. काही अडले, चुकले, किंवा वेळेत जमणार नाही असे वाटले की कामगाराने ती ओढावयाची. ओढताच घंटी वाजे, फलकावर दिवा लागे आणि गटप्रमुख धावत येई. येताच तो विचारी : अडचण काय आहे, कशी मदत करू? ठरलेल्या अवधीत अडचण सुटली तर पट्टा चालूच राही. नाही सुटली तर सारा पट्टा थांबे. थांबला म्हणून कोणाला शिक्षा होत नसे. उलट, दोष जाणूनबुजून पुढे ढकलणे हाच अपराध मानला जाई.

फ्रीमाँटच्या कामगारांनी आयुष्यभर ‘थांबवू नका’ एवढेच ऐकले होते. आता त्यांना सांगितले जात होते की थांबवणे हे तुमचे कर्तव्य आहे. त्या दोरीबरोबर आणखी काही गोष्टी बदलल्या. कामाच्या डझनावारी वर्गवाऱ्या मोजक्यांवर आणल्या. लहान गट केले आणि प्रत्येक गटाने आपले काम कसे करावे ते स्वतः लिहून काढावे, सुधारत राहावे, अशी पद्धत घातली. साहेबांसाठी वेगळे भोजनगृह आणि गाडी लावण्याची राखीव जागा बंद केली. सर्वांत मोलाचे म्हणजे, कंपनीचे अस्तित्वच धोक्यात आल्याखेरीज कोणाला कमी केले जाणार नाही, असे करारात लिहून दिले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागणी घसरली तेव्हा या शब्दाची परीक्षा झाली. काम अपुरे असतानाही कोणाला घरी पाठवले नाही. रिकाम्या वेळेत शिक्षण आणि सुधारणेची कामे दिली.

परिणाम आकड्यांत दिसला. गैरहजेरी २० टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात केलेली तुलना पुढे प्रसिद्ध झाली. तीत मोटार जुळवण्याच्या समान कामाला जनरल मोटर्सच्या जुन्या पद्धतीच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात ३१ मनुष्यतास लागत होते, टोयोटाच्या जपानमधील ताकाओका कारखान्यात १६, आणि नुम्मीत १९. दर शंभर मोटारींमागे जुळणीतील दोष फ्रॅमिंगहॅमला १३५, तर ताकाओका आणि नुम्मी या दोन्ही ठिकाणी ४५. ज्या माणसांना ‘बिघडलेले’ म्हणून घरी बसवले होते, त्याच माणसांनी दोन वर्षांत जपानच्या बरोबरीचे काम करून दाखवले.

यंत्रांवरचा विश्वास

याच काळात जनरल मोटर्स दुसऱ्या मार्गाने जात होती. १९८१ ते १९९० या काळात रॉजर स्मिथ कंपनीचे अध्यक्ष होते. वित्त व जमाखर्चाच्या शिस्तीतून वर आलेला हा कर्तबगार माणूस होता. जपानी स्पर्धेला तोंड द्यावयाचे तर माणसांची संख्या कमी करून यंत्रमानव आणावेत, असे त्यांना मनापासून वाटे. १९८२ मध्ये जपानच्या फॅनुक कंपनीबरोबर यंत्रमानव बनवण्यासाठी भागीदारी झाली. १९८४ मध्ये संगणकसेवेची एक मोठी कंपनी सुमारे अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. अब्जावधी डॉलर नव्या कारखान्यांत ओतले गेले.

डेट्रॉइटच्या हॅमट्रॅम्क भागात १९८५ मध्ये सुरू झालेला कारखाना या धोरणाचा मुकुटमणी मानला जात होता. दोनशेहून अधिक यंत्रमानव, आपोआप फिरणाऱ्या सामानगाड्या, सर्वत्र संगणक. प्रत्यक्षात पहिली वर्षे हालाची गेली. रंग देणारे यंत्रमानव मोटारीऐवजी एकमेकांवरच रंग उडवीत असल्याच्या बातम्या तेव्हाच्या वृत्तपत्रांत आल्या. एखादा यंत्रमानव रुसला की बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहत सारा कारखाना खोळंबून राही. यंत्र बदलले होते. ‘संख्या महत्त्वाची, दोष नंतर पाहू’ ही रीत बदलली नव्हती. त्या दशकात अमेरिकेच्या बाजारपेठेतील कंपनीचा हिस्सा सुमारे ४५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांच्या आसपास घसरला.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. नुम्मी तर जनरल मोटर्सच्याच भागीदारीत होती. घरातच धडा उपलब्ध असताना तो शिकला का गेला नाही? प्रयत्न झाले. नुम्मीत शिकून आलेले व्यवस्थापक इतर कारखान्यांत पाठवले गेले. लॉस एंजलीसजवळील व्हॅन नायस कारखान्यात गटपद्धती आणली, दोरीही टांगली. परंतु दोरी ओढण्याचा अधिकार देण्यास तेथील पर्यवेक्षकांचे मन धजेना, कारण त्यांची बक्षिसी अजूनही मोटारींच्या संख्येवरच होती. ज्येष्ठता आणि वर्गवाऱ्यांचे संरक्षण जाईल म्हणून अनेक कामगारांनाही हा बदल नकोसा वाटला. फ्रीमाँटच्या कामगारांनी कारखाना बंद पडलेला अनुभवला होता. व्हॅन नायसच्या लोकांना तसे काही घडेल हे खरे वाटत नव्हते. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. दोरीची नक्कल एका दिवसात होते. ती ओढणाऱ्याला न रागावण्याची सवय मात्र नकलेने येत नाही.

मागावर जन्मलेला विचार

ही दोरी मुळात मोटारीच्या कारखान्यातील नाही. ती कापडाच्या मागावर जन्मली. टोयोटा उद्योगाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे एका सुताराचे पुत्र. त्यांचे सारे आयुष्य माग सुधारण्यात गेले. यंत्रमागाचा एक जुना दोष असा की धागा तुटला तरी माग चालतच राहतो आणि सदोष कापड विणले जाते. त्यामुळे प्रत्येक मागापाशी एक माणूस केवळ धागा तुटतो का हे पाहण्यासाठी उभा राही. साकिची यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग स्वतःच थांबे, आणि कांडी संपत आली की न थांबता धोटा बदलला जाई. त्यामुळे एक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रकंपनीने या मागाचे हक्क घेण्याचा १ लाख पौंडांचा करार केला. कापडयंत्रांच्या माहेरघराने पूर्वेकडील एका सुतारपुत्राकडून हक्क घ्यावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

स्वयंचलनासाठी जपानीत जो शब्द आहे, त्याच्या एका अक्षरचिन्हात टोयोटाच्या लोकांनी ‘माणूस’ दर्शवणारे चिन्ह जोडले. उच्चार तोच राहिला, अर्थ बदलला. यंत्राने माणसासारखे वागावे : चुकले की थांबावे. आणि ते का थांबले याचा शोध माणसाने घ्यावा. फ्रीमाँटची दोरी म्हणजे हाच विचार, मागावरून मोटारीवर आलेला.

तिसरा कारभार : कबुली

पुढे काळ फिरला. आर्थिक मंदीत जनरल मोटर्स २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटानेही एकट्याने कारखाना चालवण्यास नकार दिला. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची मोटार बाहेर पडली आणि सुमारे ४,७०० जणांचा रोजगार गेला. जवळपास ८० लाख वाहने या वास्तूतून तयार झाली होती. उत्तम कार्यपद्धती दोषांपासून वाचवते. भागीदाराच्या दिवाळखोरीपासून वाचवतेच असे नाही, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

त्याच वर्षी टेस्ला कंपनीने ही वास्तू अवघ्या ४ कोटी २० लाख डॉलरला घेतली. २०१७ मध्ये ‘मॉडेल ३’ या तुलनेने स्वस्त मोटारीचे उत्पादन सुरू झाले. कंपनीप्रमुख इलॉन मस्क यांचे स्वप्न असे की कारखाना हाच एक प्रचंड यंत्र असावा, त्यात माणसाचा हात शक्य तितका कमी लागावा. वर्षअखेरीस आठवड्याला ५,००० मोटारींचे लक्ष्य जाहीर झाले होते. प्रत्यक्षात ऑक्टोबर ते डिसेंबर या संपूर्ण तिमाहीत सुमारे २,४०० मोटारीच तयार झाल्या.

सामान वाहून नेणाऱ्या स्वयंचलित पट्ट्यांचे एक गुंतागुंतीचे जाळे उभारले होते. ते चालेना म्हणून काढून टाकावे लागले. विद्युतघटावर काचतंतूची मऊ गादी ठेवण्यासाठी एक यंत्रमानव नेमला होता. मऊ, लवचीक वस्तू उचलणे यंत्राला जमेना. तो दुरुस्त करण्यात बराच वेळ गेल्यावर कोणीतरी मूळ प्रश्न विचारला : ही गादी हवी कशाला? गादी असलेल्या आणि नसलेल्या मोटारींच्या आवाजाची तुलना केली, तर फरक आढळला नाही. गादीही गेली आणि यंत्रमानवही गेला. ज्या कामाची गरजच नव्हती, ते काम यंत्राकडून करवून घेण्यासाठी पैसा खर्च झाला होता.

एप्रिल २०१८ मध्ये मस्क यांनी जाहीरपणे मान्य केले की अतिरेकी स्वयंचलन ही चूक होती, ती आपली स्वतःची चूक होती आणि माणसाची किंमत कमी लेखली गेली. त्यानंतर कारखान्याच्या आवारात एक मोठा तंबू ठोकून त्यात माणसांच्या हातांनी जुळणीची आणखी एक ओळ उभी केली. जूनच्या अखेरच्या आठवड्यात ५,००० चा आकडा ओलांडला गेला. पुढे मस्क यांनी आपला क्रम मांडला. आधी मागणीच तपासा. नको ते काढा. उरलेले सोपे करा. मग वेग वाढवा. स्वयंचलन सर्वांत शेवटी. हा क्रम आपण अनेकदा उलटा केला, हेही त्यांनी सांगितले. यंत्रमानव त्या कारखान्यात आजही शेकडोंनी आहेत. चूक यंत्रात नव्हती, क्रमात होती.

पेढीसाठी हिशेब

या साऱ्याचा इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मागाचाच आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसवला आणि त्यातून एक शहर उभे राहिले. सूत, कापड आणि अडतीच्या व्यवहारात असलेल्या अनेक जैन पेढ्या या मागांभोवती वाढल्या. धागा तुटला तरी चालत राहणारा साधा माग तेथे आजही खडखडतो आणि त्याच्या शेजारी रॅपियर व एअरजेट असे धोट्याविना चालणारे महागडे मागही आले. १ एप्रिल १९९९ पासून केंद्र सरकारने वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली आणि यंत्रकर्जाच्या व्याजात ५ टक्क्यांची भरपाई दिली. भांडवल स्वस्त झाले, ही गोष्ट चांगलीच झाली.

परंतु भांडवल स्वस्त झाले म्हणून यंत्र चालतेच असे नाही. कर्जाच्या प्रस्तावात यंत्राची किंमत, प्रवर्तकाचा वाटा, तारण, हप्त्यांचे वेळापत्रक हे सारे काटेकोर असते. जॉबरला नव्या यंत्रापाशी किती महिने शिकू द्यावयाचे, त्या काळात उत्पादन किती घटेल आणि ती घट कोणत्या खात्यातून भरून काढावयाची, यासाठी मात्र बहुधा रक्कम धरलेली नसते. हप्ता पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणून यंत्र पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने चालले पाहिजे, असा आग्रह धरला जातो. मग धागा वारंवार तुटतो आणि यंत्र वारंवार थांबते. कंटाळलेला कामगार थांबवणारी सोयच बंद करून ठेवतो, आणि लाखो रुपयांच्या यंत्रावर जुन्याच मागासारखे सदोष कापड निघू लागते. कागदावर आधुनिकीकरण पूर्ण झालेले असते. गाठीतला पैसा गेलेला असतो. रीत मात्र तीच राहिलेली असते.

हेच संगणकप्रणालीबाबत घडते. ज्या पेढीत मालाची आवक-जावक वहीत वेळच्या वेळी लिहिली जात नाही, तेथे संगणक आणल्याने साठ्याचा हिशेब बरोबर येत नाही. फक्त चुकीचा आकडा सुबक छापून मिळतो. रोजमेळ रोज जुळवणारा मुनीम आठवड्यात संगणक शिकतो. रोजमेळ महिनाअखेरीस ढकलणाऱ्याला संगणक ढकलण्याची आणखी एक सबब देतो.

म्हणून शिकून आलेला मुलगा नव्या यंत्राचा प्रस्ताव घेऊन गादीजवळ बसला, तर वडिलांनी केवळ किंमत आणि परतफेडीची मुदत विचारून थांबू नये. आणखी चार प्रश्न विचारावेत. हे काम मुळात हवे आहे काय? असल्यास सध्याच्याच साधनांनी ते नीट आणि सोपे करून झाले आहे काय? यंत्र ज्याच्या हाती जाणार, त्याला निवड करताना विचारले आहे काय, आणि त्याची नोकरी या यंत्राने जाणार नाही असा शब्द दिला आहे काय? शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण : चुकीचे काम दिसताच यंत्र थांबवणाऱ्या कामगाराला मालक शाबासकी देईल, की त्या दिवसाच्या घटलेल्या मीटरांचा जाब विचारील?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाला प्रस्तावाच्या कागदांतून देता येतील. चौथ्याचे उत्तर वडिलांनाच द्यावे लागेल, आणि तेही बोलून नव्हे. ऐन हंगामात, ट्रक दारात उभा असताना, कोणीतरी पहिल्यांदा यंत्र थांबवील, तेव्हा सारे कामगार मालकाच्या चेहऱ्याकडे पाहतील. त्या क्षणी तेथे जे दिसेल, त्यावरून ते यंत्र पुढची दहा वर्षे कसे चालणार हे ठरेल.